ड्रॉ घ्या हातात, गाठा शिरूर-दौंड!

मार्च महिना आला की अमेरिकेतल्या क्लायंटची मेल्स अचानक थंडावतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. कारण विचाराल तर 'मार्च मॅडनेस'! म्हणजे तिकडच्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा. १९३९ साली आठ संघांवर सुरू झालेली, २०११ पासून ६८ संघांची. हरलात की घरी, असा सरळ हिशोब. प्रत्येकाच्या डेस्कवर ड्रॉचा कागद, कोण कोणाला उडवणार यावर पैजा आणि खच्चून भरलेली स्टेडियम्स.

आता कुणी विचारेल, आपल्याकडे असलं काही आहे का? आहे की! तिकीट नाही, टीव्ही नाही, चीअरलीडर्स तर नाहीतच. पण ड्रॉ आहे, हरलात की घरी आहे आणि मॅडनेस तर भरपूर आहे. फक्त त्यासाठी एफसी रोड सोडून थोडं लांब जावं लागतं. पुणे जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलची मी अट्टल फॅन आहे. गेल्या हंगामात या वेडापायी शिरूर आणि दौंड पालथं घातलं, त्याचीच ही गोष्ट.

शिडी कशी चढायची?

आधी फंडा क्लिअर करू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा स्पर्धा विभागवार होतात: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक. शिरूर-दौंडची कॉलेजेस येतात पुणे जिल्ह्यात. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून निवड, मग आंतरविभागीय. तिथे चमकलात तर विद्यापीठाचा संघ, म्हणजेच 'कलर होल्डर'चा मान. त्यापुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ, अखिल भारतीय आणि राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव.

म्हणजे बालेवाडीत झळकणाऱ्या नावाची सुरुवात कुठल्यातरी कॉलेजच्या मागच्या अंगणात, सिमेंटच्या कोर्टावर झालेली असते. ही सुरुवात बघायला सहसा कोणी नसतं. खेळाडू, दोन्हीकडचे स्पोर्ट्सचे सर, रेफरी, टेबलवरची मंडळी आणि तास बुडवलेली पंधरा-वीस पोरं. आणि कोपऱ्यात मी, पीडीएफमधून प्रिंट काढलेली भाग्यपत्रिका घेऊन!

शिरूर: सात जणी आणि एक मामा

मुलींचे सामने होते शिरूरकडे. पुण्याहून नगर रस्ता धरायचा. वाघोलीचं ट्रॅफिक ही खरी क्वालिफाइंग राउंड. ती पार केली की कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगावचा महागणपती, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या रांगा आणि मग शिरूर.

जुनी माणसं अजूनही या गावाला घोडनदी म्हणतात, कारण गाव घोड नदीच्या काठी आहे. ब्रिटिशांची इथे लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. त्याहून भन्नाट गोष्ट कर्नल वॉलेसची. १८०९ साली वारलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला गावकरी 'सत्पुरुष' म्हणून मानत, धान्याचा नैवेद्य दाखवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्येच आहे. परका माणूस एकदा आवडला की शिरूर त्याला थेट देव्हाऱ्यात बसवतं!

कोर्टावर मात्र देव कोणी नव्हता. होत्या सात मुली. नियमाने संघात बारा जणी चालतात, या आल्या होत्या सातच. दोघींच्या घरी ऊसतोड, एकीचं प्रॅक्टिकल, बाकीच्यांना घरून सोडलं नाही. समोरचा संघ भरलेला, ट्रॅकसूट एकसारखे, बेंचवर पाण्याचा जार. या सात जणींच्या जर्सीवरचे आकडे घरी रंगवलेले. मनातल्या मनात मी लगेच पार्टी बदलली. फॅनला दुबळ्या संघाचं आकर्षण असतंच, काय करणार!

कोर्ट म्हणाल तर सिमेंटचं. त्यावर थ्री पॉइंटच्या दोन-दोन रेषा. पुसट झालेली ६.२५ मीटरची आणि तिच्या बाहेर ठळक ६.७५ ची. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि रेष अर्धा मीटर मागे गेली. जुनी खरवडायला कोणाला वेळ नव्हता. चोवीस सेकंदांचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही, टेबलवर स्टॉपवॉच. स्कोअरबोर्ड म्हणजे पुठ्ठ्याचे आकडे, आणि ते उलटवायला कॉलेजचे शिपाई मामा. पहिल्या क्वार्टरमध्ये मामा निर्विकार. तिसऱ्यापर्यंत मात्र स्वतःच ओरडायला लागले, "अगं हात वर कर की, हात!"

सात नंबरची मुलगी त्यांची पॉइंट गार्ड. उंची बेताची, पण चेंडू जणू तळहाताला चिकटलेला. समोरच्या झोनमधून वाट काढायची, एक खोटी मान डावीकडे, आणि ले-अप. चौथ्या क्वार्टरला दोन्ही संघ बरोबरीत होते. तेवढ्यात घात झाला. पाच फाउल होऊन एक बाहेर, दोन मिनिटांत दुसरी बाहेर. सातातल्या दोन गेल्या म्हणजे उरल्या बरोबर पाच. बेंच रिकामा! आता कोणी पडलं, दमलं, फाउल झालं तर चार जणींनीच खेळायचं.

टाइमआउटला सरांनी एकच सांगितलं, "पळू नका. त्यांना पळवा." आणि या पोरींनी खरंच तसं केलं. चेंडू फिरवत ठेवायचा, बावीस सेकंद होईपर्यंत कोणाला शिवू द्यायचा नाही, मग शॉट. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना सात नंबरने जुन्या रेषेवरून उडी मारली. चेंडू रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर. रिबाउंड समोरच्यांना. संपलं.

मॅचनंतर ती बुटाची लेस सोडत बसली होती. मी जवळ गेले.

"कितवं वर्ष?"

"टीवाय, ताई. शेवटचं."

"मग पुढे कुठे खेळणार?"

तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी आकाशातून पडले असावे. "पुढे कुठं, ताई? भरतीची तयारी. आठशे मीटर आणि गोळाफेक. बास्केटबॉल झाला आता."

तिची ही 'झाला आता' ऐकून या स्पर्धेत नेमकं काय पणाला लागलेलं असतं, ते कळतं. पुण्यातल्या खेळाडूला कॉलेज संपलं तरी डेक्कन जिमखान्यासारखा क्लब आहे, संध्याकाळचं कोर्ट आहे, ऑफिसची लीग आहे. इथे कॉलेज हेच शेवटचं कोर्ट. त्यामुळे बाद फेरीतली हार म्हणजे नुसती स्पर्धेतून बाहेर नव्हे, बऱ्याच जणींसाठी ती आयुष्यातली शेवटची मॅच असते. अमेरिकेतल्या त्या ६८ संघांपेक्षा हे टेन्शन कमी कसं म्हणायचं?

मामांनी आकडे गोळा केले आणि जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगली खेळलीस गं." बस्स.

आडवा रस्ता, गरम गूळ

मुलांचे सामने पुढच्या आठवड्यात दौंडकडे. पुण्याहून सरळ रेल्वे आहे, पण मी मुद्दाम पुन्हा शिरूर गाठून आडव्या रस्त्याने गेले. न्हावरे, मग पारगावजवळ भीमेवरचा पूल. नदी ओलांडली की शिरूर तालुका संपून दौंड तालुका लागतो, आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

या पट्ट्यातली गुऱ्हाळं हे एक वेगळंच प्रकरण आहे. चुलवणावर कढईत उकळणारा रस, वर येणारी मळी काढणारा माणूस आणि सगळीकडे पसरलेला तो वास! विचारलंत तर गरम गुळाचा गोळा हातावर ठेवतात, काकवी बाटलीत भरून देतात. कॅलरी मोजणाऱ्यांनी त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

पुढे केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना जिथे आसरा आणि शिक्षण मिळालं, ते हे ठिकाण. शिरूरची सात नंबर डोक्यात घोळत होती, त्यामुळे तिथून जाताना आपोआप गाडी हळू झाली. मग लावणीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध असलेला चौफुला, पाटस आणि दौंड.

दौंड: शिट्टी रेफरीची की इंजिनाची?

दौंड म्हणजे जंक्शन. इंग्रजांच्या लेखी 'धोंड'. इथून मनमाडला जाणारा मार्ग १८७८ साली सुरू झाला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे काढून उलट्या टोकाला लावायचं, हा कित्येक वर्षांचा कार्यक्रम. आता कॉर्ड लाईनमुळे अनेक गाड्या बाहेरच्या बाहेर वळतात. पण गावाच्या अंगात रेल्वे अजून आहेच. दुसरी ओळख खाकीची: राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथे आहेत, शिवाय नानवीजला पोलीस प्रशिक्षण विद्यालय. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं बघितली की कळतं, या गावात फिटनेस हा छंद नाही, तो करिअर ऑप्शन आहे.

मुलांची फायनल त्याच हिशोबाने खेळली गेली. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीचं सर्टिफिकेट लागतं. विभागाचं पुरत नाही. रेल्वेतही खेळाडूंची भरती होते आणि राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा, विशेषतः महिला संघाचा दबदबा मोठा. भारताकडून खेळलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनही खेळली आहे. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातल्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डलास मॅव्हरिक्सने एनबीए ड्राफ्टमध्ये घेतलं, हे तर इथल्या प्रत्येक पोराला पाठ. पण स्वप्न एनबीएचं नाही. "टीसी झालो तरी बास, ताई," असं पंधरा नंबरने वॉर्म-अप करताना मला सांगितलं. उंची सहा फूट तीन इंच, वडील एसआरपीत.

या पंधरा नंबरवरच मॅच येऊन ठेपली. काही सेकंद बाकी, संघ एका गुणाने मागे, त्याला दोन फ्री थ्रो. रिंग ३.०५ मीटरवर, १८९१ साली नेस्मिथ सरांनी पीचची टोपली टांगली तेव्हापासून तेवढ्याच उंचीवर. सगळीकडे शांतता. तो दोनदा चेंडू आपटतो, श्वास घेतो, आणि नेमकी तेव्हाच लांबून मालगाडीची कर्कश शिट्टी! दौंडमध्ये शांतता रेल्वेच्या टाइमटेबलवर मिळते. पोरगा थांबला नाही. पहिला आत. दुसराही आत. मग मैदानात जे काही झालं, त्याला मराठीत एकच शब्द आहे: राडा!

त्यानंतरचा अर्धा तास मात्र त्याहून गंभीर. झाडाखाली सगळे खेळाडू बसलेले आणि सर विभागाच्या संघात निवडलेल्यांची नावं वाचतायत. कॉलेज कुठलं, जिंकलं की हरलं, सगळं विसरून प्रत्येक जण फक्त स्वतःचं नाव ऐकू येतंय का, याकडे कान लावून. पंधरा नंबरचं आलं. त्याच्या शेजारी बसलेल्या, हरलेल्या संघाच्या कॅप्टनचं आलं नाही. त्याने सगळ्यात आधी टाळी वाजवली, मग सॅक उचलली आणि मित्राला म्हणाला, "चल, साडेपाचची गाडी आहे."

आपण काय करायचं?

काही नाही. जायचं आणि बघायचं. आपण वीकेंडला रिसॉर्ट शोधतो, रात्री जागून परदेशी लीग बघतो. त्याच उत्साहातला एक दिवस या पोरांना दिला तर? कोर्टाशेजारी दहा अनोळखी माणसं टाळ्या वाजवायला उभी राहिली की खेळ कसा बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिरूरच्या त्या सात जणी तिसऱ्या क्वार्टरमध्ये पेटल्या, त्याला मामांचं ओरडणं कारणीभूत होतं, असं माझं ठाम मत आहे. शेवटची मॅच खेळणाऱ्या मुलीला ती कोणीतरी पाहिली, एवढं तरी मिळायला हवं.

निघण्यापूर्वी

कधी: कॉलेज स्पर्धांचा मोसम साधारण पावसाळा सरता सरता सुरू होतो. यजमान कॉलेज बदलत राहतं, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघा. कॉलेजातल्या स्पोर्ट्सच्या सरांना फोन केलात तर ते आनंदाने सांगतात.

कसं जाल: शिरूरला नगरकडे जाणारी साधी एसटी. वाघोलीसाठी जादा वेळ धरा. दौंडला पुण्याहून रेल्वे उत्तम.

जोडून काय: शिरूरकडे रांजणगावचा गणपती, मोराची चिंचोली आणि कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे. दौंडहून पुढे भिगवण. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो आणि ताटात ताजी मासळी.

सोबत काय न्याल: टोपी, पाण्याची बाटली, ड्रॉची प्रिंट आणि मोठा आवाज. आवाज मस्ट!