घसाऱ्याशी रोजची झुंज

मुंबई विमानतळावरील एरोब्रिजमधून बाहेर पडणारा प्रवासी त्याच्या टोकाशी असलेल्या लहानशा चाकाकडे क्वचितच पाहतो. विमानाच्या अंगाला टेकलेले हे चाक त्याची हालचाल टिपते. सामान उतरले की विमान किंचित वर येते, इंधन भरले की खाली बसते. पूलही तेवढाच हलतो. चाक चुकले, तर उघडे दार पुलावर दाबून मोडू शकते.

घरची वीज ५० हर्ट्झची. विमानाला ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची लागते. ती जमिनीवरून मिळाल्यास शेपटीतील इंधन जाळणारे छोटे इंजिन बंद ठेवता येते.

हिशेबनीस घसाऱ्याची नोंद वर्षाअखेरीस करतो. तंत्रज्ञ त्याच घसाऱ्याशी पाना आणि ग्रीस घेऊन रोज झुंजतो.