न उडता पृथ्वीप्रदक्षिणा

पृथ्वी वाटोळी आहे या विधानावर माझा विश्वास आहे. अनुभव मात्र नाही. तेल्हाऱ्यात राहून तो येण्याचा संभवही थोडाच. उत्तरेस सातपुड्याची निळसर भिंत आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, सपाट जमीन. अशा ठिकाणी उभे राहिले असता पृथ्वी चौकोनी असून तिची एक बाजू कोणीतरी डोंगर रचून बंद केली असावी, असेच वाटते. तेव्हा सेवानिवृत्तीनंतर एकदा तिला स्वतः प्रदक्षिणा घालून खात्री करून घ्यावी, असा संकल्प मी केला आहे. आणि विमानात पाऊल ठेवावयाचे नाही, असे एक कलमही त्याला जोडले आहे.

हा संकल्प ऐकून निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळी चिंता व्यक्त केली. महाविद्यालयातील सहकाऱ्यांना माझ्या गुडघ्यांची काळजी वाटली. विद्यार्थ्यांना माझ्या बुद्धीची वाटली असावी. परंतु अंतर्गत गुण माझ्या हाती असल्यामुळे त्यांनी ती बोलून दाखविली नाही. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "शेगावची गाडी पकडायची म्हटली की तुम्ही तीन तास आधी पिशवी घेऊन अंगणात उभे राहता. जगाला निघायचे तर किती महिने आधी उभे राहाल?" या प्रश्नाला उत्तर नव्हते; म्हणून मी पुराणांचा आधार घेतला. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली तेव्हा कार्तिकस्वामी मोरावर बसून उडाले आणि हरले. गणपती न उडता जिंकला. त्याने आईबापांभोवती फेरी घातली आणि काम भागविले. तो मार्ग मला मोकळा राहिलेला नाही; माझे आईवडील आता नाहीत. तेव्हा लांबच्या रस्त्यानेच जाणे प्राप्त आहे.

लांबच्या रस्त्याने गेलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध माणूस जन्मालाच आलेला नाही. तो म्हणजे ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील फिलिअस फॉग. क्लबात पत्ते खेळता खेळता याने वीस हजार पौंडांची पैज लावली आणि १८७२ च्या ऑक्टोबरात ऐंशी दिवसांत पृथ्वी पालथी घालण्यासाठी तो लंडनहून निघाला. मुंबईस उतरून त्याने आगगाडी धरली. ती बऱ्हाणपुरास थांबली. तेथे त्याच्या नोकराने खोट्या मोत्यांचे जोडे विकत घेतले. बऱ्हाणपूर आमच्यापासून कावळ्याच्या वाटेने सत्तरएक किलोमीटर. म्हणजे जागतिक साहित्याची गाडी तेल्हाऱ्याच्या इतक्या जवळून गेली, आणि आमच्या गावात कुत्रेसुद्धा भुंकले नाही!

पुढे त्या गाडीचे रूळ एकाएकी संपतात आणि फॉगला दोन हजार पौंड मोजून हत्ती घ्यावा लागतो. वस्तुस्थिती अशी, की मुंबईचे रूळ जबलपुराशी आणि तेथून अलाहाबादेशी १८७० सालीच जोडले गेले होते. कादंबरीकाराला हत्ती हवा होता, म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वीचे रूळ उखडून टाकले. त्याने मला विचारले असते तर असे असत्य बोलण्याची पाळी त्याच्यावर आली नसती. भुसावळास डावीकडे न वळता फॉग उजवीकडे वळला असता, तर शेगाव, अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोचला असता. आणि १८६७ साली नागपूरपर्यंत आलेले रूळ १८७२ मध्ये तेथे खरोखरच संपत होते. हत्ती प्रामाणिकपणे लागला असता, आणि वऱ्हाडही जगाच्या नकाशावर आले असते.

परंतु फॉगविषयी माझी खरी तक्रार निराळीच आहे. हा गृहस्थ विमानात बसला नाही, हे खरे. बसता कसा, ते निघालेच नव्हते. तरीही तो सबंध वाट उडतच गेला. आगबोटीत तो पत्ते खेळला, आगगाडीतही पत्तेच खेळला. मधल्या एकाही गावाला त्याने नाव विचारले नाही. त्याच्या जगात फक्त दोनच स्थळे होती, निघण्याचे आणि पोचण्याचे. विमानाने या वृत्तीला केवळ पंख लावून दिले आहेत.

तेल्हाऱ्याच्या माणसाला हे लागते. कारण आमचे गाव जन्माचे मधले गाव आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग आमच्या दक्षिणेकडून गेला. अकोला-खंडवा ही मीटरगेज गाडी आली, ती अकोट, अडगाव, हिवरखेड अशी आम्हाला बगल देऊन सातपुड्यात शिरली. त्या गाडीचा मात्र मी ऋणी आहे. वान रोड सोडून धूळघाटाकडे जाताना चढ इतका उभा होता, की रूळ डोंगराभोवती पुरते वळण घेऊन आपल्याच डोक्यावरून पुढे जात. थोड्या वेळापूर्वी आपण जेथून गेलो ती वाट खिडकीतून खाली दिसे. लहानपणी तेच माझे पहिले प्रदक्षिणेचे शिक्षण. पुढे जाण्यासाठी कधी कधी स्वतःभोवती वळावे लागते, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हते. २०१७ मध्ये रुंदीकरणासाठी ती गाडी बंद झाली; अकोला ते अकोट रुंद रुळांवर २०२२ मध्ये ती पुन्हा धावू लागली, पण धूळघाटाचा तो वेढा तिच्या वाट्याला आला नाही.

खरे प्रवासी कोण, असे कोणी विचारले तर मी फॉगचे नाव घेणार नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जग फिरावयास निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण करीत ते बगदादेस पोचले आणि पुढचे वाळवंटही त्यांनी पायडल मारूनच ओलांडले. सहांपैकी एकजण तेहरानहून परतला. एकाने अमेरिकेतच घर केले. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघेच सबंध फेरी पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईस आले. साडेचार वर्षे! एवढ्या वेळात फॉगच्या वीस फेऱ्या झाल्या असत्या. परंतु त्या तिघांना वाटेत हजारदा कोणाच्या तरी दारात पाणी मागावे लागले असणार. आणि ज्याला पाणी मागावे लागते त्याला त्या गावाशी बोलावे लागते.

आमच्या विदर्भातील पांडुरंग खानखोजे यांना तर पैजही नव्हती आणि हौसही नव्हती. देश स्वतंत्र करावयाचा म्हणून वर्ध्याचा हा तरुण विसाव्या शतकाच्या आरंभी घर सोडून आगबोटीने निघाला. जपान झाले, अमेरिका झाली, तेथे शेतकीचे शिक्षण आणि गदर पक्षाचे काम झाले. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या डोंगरात इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. मग युरोप, आणि १९२४ मध्ये मेक्सिको. तेथे ते मका आणि गहू यांचे संशोधक म्हणून नावाजले गेले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरीच्या पंगतीचे चित्र काढले, त्यात भाकर मोडून देणारा पुरुष म्हणून खानखोजे बसले आहेत. वऱ्हाडाच्या शेजारचा एक माणूस अर्ध्या जगाची धूळ तुडवीत जातो आणि पलीकडच्या टोकाला पंगतीत वाढप्याच्या जागी बसतो, याहून मोठी प्रदक्षिणा मला ठाऊक नाही.

समुद्राच्या वाटेने गेलेल्यांत कमांडर दिलीप दोंदे यांना नमस्कार केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले; फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन एवढ्या चारच ठिकाणी थांबून १९ मे २०१० रोजी परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मला तर वान धरणाच्या काठावर उभे राहिले तरी पाण्याकडे पाहून गरगरते. तेव्हा या मार्गाचा मी केवळ आदर करतो.

उरला जमिनीचा मार्ग. आणि येथे माझ्या संकल्पाची खरी अडचण सुरू होते. शंभर वर्षांपूर्वी सायकलीवरून जी वाट गेली, ती आज मला मोकळी नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीचे नाके बंद करण्यात आले. माझा नकाशा मी टेबलावर पसरला आहे, आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या हिरव्या रेघांपेक्षा अधिक झाल्या आहेत. विमानाला या फुल्या दिसत नाहीत. ते वरून जाते. जमिनीवरून जाणाऱ्याला मात्र प्रत्येक शेजाऱ्याची परवानगी लागते, आणि जगात कोण कोणाशी बोलेनासे झाले आहे हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते. मुंबईहून एखादे मालवाहू जहाज मिळाले तर पाहावे, या विचारापर्यंत मी आलो आहे. म्हणजे गरगरणे चुकत नाही.

विमानाची निंदा करावी, एवढा मी कृतघ्न नाही. सहा वर्षांपूर्वी आई अकोल्याच्या रुग्णालयात शेवटच्या दुखण्यात होती. धाकटा भाऊ टोरांटोस. निरोप गेल्यापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या उशाशी उभा होता. आईने डोळे उघडून त्याला नावाने हाक मारली आणि "जेवलास का?" असे विचारले. त्यानंतर ती फारशी बोलली नाही. १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला पोचल्या त्या ४ जूनला. त्या हिशेबाने माझ्या भावाला आईची हाक नव्हे, वर्षश्राद्धाची तयारीच ऐकू आली असती. विमानाच्या धुराने पृथ्वीला ताप चढतो हे मी वर्गात सांगतो, आणि ते खरे आहे. परंतु त्या संध्याकाळचा धूर कोणाच्या खाती मांडावा, हे मला अजून ठरविता आलेले नाही. दुःख धावत येते, त्याला धावतच गाठले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की जेथे दुःख नाही तेथेही आपण तसेच धावत सुटलो आहोत. लग्नाला, सहलीला, इतकेच काय, विसाव्यालासुद्धा.

या सर्व ऊहापोहात मी एका गोष्टीचा अभिमान बाळगून होतो: तेल्हाऱ्यातून न उडता जगाला निघणारा मी पहिलाच. तो अभिमान आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने गेल्या हंगामात उतरविला. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या ओसरीवर वेचणीचा कापूस पडलेला होता. माझा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "हे बरं केलं सर. इमानातून म्हन्ते ढगच दिसते. ढग तं आमी दर मिरगात अठीच पाह्यतो. पडत नाही तं पाहाचे कायले?" मग कापसाच्या ढिगाकडे हात करून ते म्हणाले, "अन् पयले तुमी नाही बरं. हा गेला तुमच्या पयले."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. काळ्या मातीतले बोंड बैलगाडीत बसले, बैलगाडीतून आगगाडीत, आगगाडीतून मुंबईच्या गोदीत आणि तेथून आगबोटीत. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला 'ऊमरा' म्हणत. अमरावतीचे उमरावती, आणि तिचे हे पेठेतले लाडके नाव. बोंड तिकडे गेले, सूत झाले, मँचेस्टरात कापड झाले आणि पुन्हा समुद्र ओलांडून इकडच्याच पेठेत, वेचणाऱ्यालाच विकावयास आले. फॉग पत्ते पिसण्याच्या आधीपासून आमचा कापूस न उडता जगाची वाट चालत आला आहे. फरक एवढाच, की फॉगला पैजेचे पैसे मिळाले.

ही माहिती मी काकांना जरा उत्साहाने सांगितली. कापसाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहाराचे नियम सांभाळणारी आणि तंटे तोडणारी संस्था आजही त्याच लिव्हरपुलात आहे, हेही सांगितले. ते बराच वेळ सरकीवर बोट फिरवीत बसले. नंतर म्हणाले, "त्या गावात उतरसान तं एक काम करजा, सर. आमच्या मालाचा भाव ठरवनारा मानूस कसा दिसते, तो पाहून येजा. साठ वर्सं झाली कापूस पिकवून राह्यलो. त्याचं तोंड नाही पाह्यलं."

मी हो म्हटले. तेव्हापासून माझ्या नकाशात बदल झाला आहे. पॅरिस, रोम, सानफ्रान्सिस्को ही गावे पेन्सिलीने लिहिलेली आहेत. पुसली तरी चालतील. लिव्हरपूल शाईने लिहिले आहे.