कोरी फी : कड्याच्या पायथ्याशी

मुलांकडे स्कॉटलंडला गेलेल्या आईवडिलांना बहुधा एडिंबराचा किल्ला दाखविला जातो. आपणांस चालण्याची आवड असेल, तर अँगस परगण्यातील ग्लेन डॉलचाही आग्रह धरावा. नाटककार जे. एम. बॅरी यांचे जन्मगाव किरीम्यूर मागे टाकून ग्लेन क्लोव्हाच्या अरुंद रस्त्याने अखेरपर्यंत गेले, की हे खोरे लागते.

वाहनतळापासून सूचिपर्णी वनातून रुंद वाट हळूहळू चढते. तासाभराने झाडी एकाएकी संपते आणि तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली प्रचंड द्रोणी समोर उघडते. हीच कोरी फी. शाळेच्या भूगोलात वाचलेले हिमगव्हर ते हेच! हिमनदीने डोंगराची कूस कोरून काढली आणि वितळताना दगडमातीची टेकाडे, म्हणजे हिमोढ, तळाशी टाकून गेली. स्कॉटलंडमधील अखेरच्या हिमनद्या सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी वितळल्या. टेकाडे मात्र काल टाकल्यासारखी दिसतात. यजमानांना हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवला. तो बर्फाने घडविलेला नव्हे, हे खरे. पण छाती दडपते ती तशीच.

येथून एक उभी वाट ९२८ मीटर उंचीच्या मेयर शिखराकडे जाते. यजमानांचे वय ७३. बायपासला चार वर्षे झालेली.

"अगं, शिखर समोर तर आहे! नाडी बघ, ब्याऐंशी."

आपल्या घरी कोणी बीटा ब्लॉकर घेत असेल, तर हे ध्यानात असू द्यावे : त्या औषधाने नाडीचा वेग वाढू दिला जात नाही, म्हणून श्रम किती झाले हे नाडीवरून उमगत नाही. चालताना सलग बोलता येते की नाही, हे पाहावे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते.

मी म्हटले, "अहो, चालता चालता कोकणकड्याची ती गोष्ट सांगा ना."

तिसऱ्या वाक्यालाच दम तुटला. ते निमूटपणे एका शिळेवर बसले. मी थर्मासमधला चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. सांभाळणाऱ्याच्या वाट्याला नेहमी नकारच का यावा, असे मलाही त्या क्षणी वाटून गेले. पुष्कळ वेळ आम्ही कड्यावरून उतरणारे पाणी पाहत राहिलो. मग त्यांनीच पेला मागितला.

उतारावर गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून हातातल्या काठ्या थोड्या लांब केल्या. (गवतातून चाललात, तर मुक्कामी पोचताच पायांवर गोचीड नाही ना, हे अवश्य पाहा.) झाडीच्या तोंडाशी यजमान थांबले, वळून एकदा कड्याकडे पाहिले आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागले. ती वाहनतळापर्यंत पुरली.