नागोठण्याला जागा मिळते

पेण, रविवार

प्रिय मेधा,

तुझी लांबलचक व्हॉइस नोट पोळ्या लाटता लाटता ऐकली. सकाळी बेकरीत उभं राहायचं, दुपारी लेक्चर, आणि रात्री पुस्तक उघडलं की तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचं, तरी डोक्यात काही शिरत नाही, असं म्हणालीस. वर मला विचारतेस, नोकरी करून एम.कॉम. कसं जमवतेस? अगं, जमवत कसली, रेटते आहे.

आधी एक कर. ते ‘पहाटे पाचला उठा आणि आयुष्य बदला’वाले व्हिडिओ बघणं बंद कर. ते बनवणाऱ्यांना डबा करायचा नसतो आणि गाडीही पकडायची नसते.

माझा खरा अभ्यास गाडीतच होतो. दिवा-रोहा मेमू पेणला येते तेव्हा बसायला जागा नसतेच. कासूपर्यंत उभीच असते. नागोठण्याला कंपनीवाले उतरले की खिडकी मिळते, मग निडी आणि रोहा. उभी असताना पुस्तक पिशवीतच ठेवते आणि काल वाचलेलं मनातल्या मनात म्हणून बघते. अडलं की खूण करते. बसायला मिळालं की वही मांडीवर घेऊन कॉस्टिंगचं एखादं गणित सोडवते. मागून येणारी एक्सप्रेस पुढे काढायला आमची गाडी लूपवर टाकतात, तेव्हा सगळा डबा रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो. मी मात्र मनातून खूश असते, आणखी एक गणित होतं ना!

पुस्तक न उघडता आठवून बघायचं, ही काही माझी युक्ती नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बाजी मारली ती स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांनी. तू रात्री तेच पान घोकतेस ना, तिथे मिटून ठेव ते. काय आठवतंय ते कागदावर लिही. आठवलं नाही तर झोप सरळ.

दुसरं म्हणजे तारखा. धाटावच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस, आणि मी अकाउंट्सला. महिन्याची अकरा तारीख जीएसटीआर-१ची, वीस तारीख ३-बीची. त्याआधीचे दोन-तीन दिवस पुरवठादारांची बिलं जुळवण्यात जीव मेटाकुटीला येतो. त्या दिवसांत पुस्तक मी घरीच ठेवते. पिशवीत नेऊन उघडायचं नाही आणि वाचलं नाही म्हणून दिवसभर झुरत बसायचं, यात ना धड ऑफिस होतं ना अभ्यास.

हे मी विनोबांकडून उचललं म्हटलं तर हसशील. त्यांचं गाव गागोदं आपल्याच पेण तालुक्यातलं, पण ‘गीता प्रवचने’ मी वाचली ती आत्ता. सहाव्या अध्यायावर बोलताना ते चित्ताच्या एकाग्रतेबरोबर जीवनातली परिमितता आणि समदृष्टीही सांगतात. आपण सगळे एकाग्रतेपाशीच अडकतो. मला महत्त्वाची वाटते ती परिमितता. खाणं, झोप, बोलणं, बघणं, सगळं मापात असेल तर मन एका जागी बसेल, नाहीतर ते बसणार कसं? ही प्रवचनं त्यांनी धुळ्याच्या तुरुंगात दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक अध्याय. अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि उतरून घ्यायला साने गुरुजी! तिथे डबा करायचा नव्हता, हे मान्य. तरी वेळापत्रक असावं तर असं.

गंमत बघ, रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख विनोबांपेक्षा जेमतेम चार महिन्यांनी लहान. विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. दाखले त्याआधीच चुलीत घातलेले. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले, १९१८ साली आयसीएसला पहिले. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे. एकाने परीक्षा सोडली, दुसऱ्याने एकही हातची जाऊ दिली नाही. घरी मला चिंतामणरावांचं उदाहरण देतात. विनोबांचं कोण देईल!

आणखी एक गुरू माझ्या आळीतच आहेत. मूर्तींच्या कारखान्यात आत्ता आखणी चालू आहे. परदेशी जाणारे गणपती बोटीने जातात, म्हणून त्यांची घाई आधी. आखणीवाले काका ओळीने मूर्ती लावतात आणि एकेक रंग सगळ्यांच्या डोळ्यांत भरत जातात. पापणीची काळी रेघ शेवटी, श्वास रोखून, एका झटक्यात. तेव्हा कोणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. पण पाच-सहा मूर्ती झाल्या की उठतात, तंबाखू मळत दारात उभे राहतात. इतकं काम पडलेलं असताना मध्येच उठता कसे, म्हणून मी विचारलं. म्हणाले, “हात थकत नाय गो, डोळा थकतो. थकल्या डोळ्याने आखलं की बाप्पा रागावलेला दिसतो.”

तर बाई, बेकरीतून आल्यावर तासभर तरी पुस्तकाला हात लावू नकोस. मोबाइल दुसऱ्या खोलीत. एकच खोली आहे म्हणालीस ना? मग शेजारणीकडे दे. एका वेळी एकच विषय धर, दमलीस की ऊठ.

तुझी आई परवा बाजारात भेटली होती. तू अभ्यासाचं काहीच सांगत नाहीस म्हणत होती. मी तोंड उघडलं नाही, पण तू फोन कर तिला. पोह्याचे पापड आणि वालाचं बिरडं पाठवायचं तिच्या मनात आहे. बिरड्याचं मी जेमतेम थोपवलंय, पापड येतील. तुझा नवा पत्ता पिनकोडसकट मला कळव, तिच्या वहीत अजून जुन्या हॉस्टेलचाच आहे.

तुझी,
शुभा