पन्हाळ्याचा आतिशफिशाँ

जुगराफियाच्या किताबात आतिशफिशाँचे चित्र असते: टोकदार पहाड, वर धुराचे तोंड. सातवीच्या मुलांना घेऊन बुधवार पेठेकडून पन्हाळा चढलो, तेव्हा पहिला सवाल आला, "सर, इसका मुँह किधर है?"

तोंड नाहीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इकडचा लाव्हा जमिनीच्या भेगांतून आला, थरावर थर पसरला. पुढे पाण्याने भोवतालचे झिजवले आणि सपाट माथ्याचे डोंगर उरले. वरचा तांबडा जांभा त्याच काळ्या दगडापासून झालेला.

तीन दरवाजापाशी फारसी शिलालेख आहे. मुले अक्षरे लावू लागली. दुसऱ्या शाळेच्या सहलीतली पोरे कौतुकाने थांबली. आमच्यातल्या एकाने हळूच विचारले, "सर, १६६० ला वेढा घालणारा सिद्दी जौहर आपलाच ना?" हा सवाल त्याला आधी कुणीतरी केलेला असणार.

म्हटले, "वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर आलेला सिद्दी हिलाल महाराजांचा सरदार होता. त्याचा मुलगा वाहवाह इथेच जखमी होऊन पकडला गेला."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग शेजारच्या पोराला दगडावरचा अलिफ दाखवू लागला.