चार चाकांची ओढ

आपल्या निपाणी-चिकोडी भागातल्या माणसाला तुलना करायला फार आवडतं. कुणाच्या शिवारातला तंबाखू सरस, कुठल्या कारखान्याचा ऊसदर बरा, शर्यतीला कुणाची बैलजोडी पळेल, यावर चहाच्या दुकानात तासन् तास बोलणं चालतं. नव्या पिढीने बैलजोडीच्या जागी मोटारी आणल्या, एवढाच फरक.

माझा भाचा बेंगळुरूला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत आला तो एकच प्रश्न घेऊन. "मामा, वापरलेल्या दोन गाड्या बघितल्यात. बीएमडब्ल्यूची एम-३४०-आय घेऊ की ऑडीची एस-५?" मी भूगोलाचा एम. ए., दारात साधी मारुती. पण विचारलेल्या प्रश्नाला 'नंतर बघू' म्हणणं मास्तरकीत बसत नाही. सुट्टीभर तो सांगेल ते वाचत गेलो आणि गंमत म्हणजे मला त्यात गोडी लागली.

या दोन्ही गाड्यांत इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळते. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढची दोनच चाकं ओढतात. १९८० मध्ये ऑडीने 'क्वाट्रो' आणली आणि बर्फ, चिखल, खडी यांवरच्या रॅलीत चार चाकांच्या ओढीचा दबदबा सुरू झाला. नव्वदच्या दशकात ही चुरस जपानी झाली. एकीकडे मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन, दुसरीकडे सुबारूची इम्प्रेझा. रॅलीत उतरायचं तर तशाच गाड्या गिऱ्हाइकांसाठीही बनवाव्या लागत, म्हणून या गाड्या सामान्य रस्त्यावर आल्या. टॉमी मॅकिनेन याने लान्सरमधून १९९६ ते १९९९ असं सलग चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं. इम्प्रेझातून १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे, २००१ मध्ये रिचर्ड बर्न्स आणि २००३ मध्ये पीटर सोलबर्ग जिंकले. आपल्याकडे १९९८ मध्ये आलेली लान्सर अनेकांना आठवत असेल. नाव तेच, पण तिला ओढत होती पुढची दोनच चाकं. इव्होल्यूशन २०१६ च्या सुमारास बंद झाली. सुबारूनेही २०२२ मध्ये पुढची पेट्रोलवरची एसटीआय काढणार नसल्याचं जाहीर केलं.

भाच्याच्या मनातल्या दोन्ही गाड्या भारतात मार्च २०२१ मध्ये आल्या. दोघींना तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. बीएमडब्ल्यूची ताकद ३८७ अश्वशक्ती, ऑडीची ३५४. शून्यावरून शंभरचा वेग गाठायला बीएमडब्ल्यूला ४.४ सेकंद, ऑडीला ४.८. आकडे जवळजवळचे, पण स्वभाव वेगळे. ऑडीचं इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे बसवलेलं, त्यामुळे नाक जड. वेगात वळण घेताना स्टिअरिंग वळवलं तरी नाक बाहेरच्या बाजूला सरकू बघतं. बीएमडब्ल्यूचं इंजिन मागे ओढून बसवलेलं, वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं, आणि जोर मागच्या चाकांवर अधिक. ती म्हणाल तिकडे वळते, पण वळण संपायच्या आत अॅक्सिलरेटर जोरात दाबला तर तिची शेपूट फिरू शकते. ट्रॅकवर हौशी चालकाला म्हणून बीएमडब्ल्यू आवडते. ओल्या रस्त्यावर निवांत जाणाऱ्याला ऑडी शहाणी वाटते.

इथपर्यंत मामा-भाच्याचं एकमत होतं. मग तो म्हणाला, "चारही चाकं ओढणार, म्हणजे पावसात घाटातसुद्धा काळजी नाही."

इथे मात्र मला थांबावंसं वाटलं. चार चाकांची ओढ गाडीला पुढे न्यायला मदत करते. ब्रेक तर माझ्या मारुतीलाही चारही चाकांना आहेत! टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ओढणं, वळणं आणि थांबणं हे तिन्ही खर्च त्यातूनच भागवायचे. चार चाकांची ओढ पहिला खर्च चौघांत वाटून देते, पगार वाढवत नाही. म्हणून ओल्या रस्त्यावर अशी गाडी झोकात वेग घेते आणि रस्ता निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. ते कळतं ब्रेक दाबल्यावर.

ट्रॅकवर पुढचं वळण पाठ असतं, समोरून कुणी येत नाही, चुकलं तर घसरायला मोकळी जागा असते. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री शर्यतींत उतरला होता. तेव्हा वेगाचं वेड आपल्या मातीला परकं आहे असं मी म्हणणार नाही. पण तवंदी घाट म्हणजे ट्रॅक नव्हे. हंगामात तिथे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस असतो, मागे दिवा नाही, वाढं बाहेर लोंबतंय. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो, त्यानंतर ब्रेक काम सुरू करणार. माझ्या वर्गातला एक मुलगा अशाच ट्रॉलीवर रात्री मोटारसायकलसह मागून आदळला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ मारताना काय वाटलं, ते भाच्याला मी त्या दिवशी प्रथमच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"गाडी घेऊ नको" असं मी म्हटलं नाही. स्वतःच्या कमाईतून घेतोय, हौस असावी. बीएमडब्ल्यू घे म्हणालो, आधी टायर बघून घे, आणि तिचा वेग अजमावायचा तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर, शिकवणारा शेजारी बसवून.

माझी पत्नी हुक्केरीची, त्यामुळे घरात दोन्ही भाषा नांदतात. निघताना सासूबाईंनी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "निधान होगप्पा." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. आपल्या सीमाभागातल्या घरांत या शब्दाचे दोन्ही अर्थ राहतात. मुलांच्या हाती गाडीची किल्ली देताना त्यांना दोन्ही सांगावेत, एवढंच.