पहिली काठी

गळाच्या काठीची लांबी हा विषय कौटुंबिक मासिकात कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु गोव्यात नदी ही अंगणाइतकीच घरातली असते. मांडवी, जुवारी, शापोरा यांच्या खाड्या भाताच्या खाजनांपर्यंत शिरलेल्या आहेत, आणि गळ टाकून मासे धरणे, ज्याला आम्ही 'गरवणे' म्हणतो, ते अनेक घरांत बापाकडून मुलाकडे येते.

आमच्या घरी ही वहिवाट गेल्या वर्षी खंडित झाली. आमचे धाकटे बंधू दीर्घ आजाराने निवर्तले. दर रविवारी त्यांच्याबरोबर बांधावर जाणारा त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा त्यानंतर नदीकडे फिरकेनासा झाला. आम्ही त्याला कधी आग्रह केला नाही. या वैशाखात मात्र तो आपणहून म्हणाला, "काका, मला रिळाची काठी घ्यायची आहे. बारा फुटांची. बाबांची बारा फुटांचीच होती."

वडिलांचे माप मुलाच्या मनात घर करून राहावे, यात नवल नाही. पण बांबूच्या काठीला रीळ नसते. दोरा शेंड्यालाच बांधलेला असतो. काठीची लांबी अधिक दोऱ्याची लांबी, एवढाच काय तो पल्ला. तेथे लांबी म्हणजेच पोहोच. रिळाच्या काठीत दोरा रिळावर गुंडाळलेला असतो आणि लागेल तेवढा सुटतो. पोहोचण्याचे पुष्कळसे काम रिळाने उचलले, की काठीकडे मुख्यतः दोन कामे उरतात : आमिष नेमक्या जागी टाकणे आणि लागलेल्या माशाला आवरणे. म्हणून जुन्या काठीचे माप नव्या काठीला लागू पडत नाही.

त्यातून त्याला हवे होते बेटकास्टिंग जातीचे रीळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील केंटकी प्रांतात घड्याळजींनी घडवलेल्या रिळांपासून याची परंपरा सुरू होते, आणि स्वभावही घड्याळासारखाच नाजूक. हे रीळ काठीच्या वरच्या अंगाला बसते आणि फेकीबरोबर त्याचे चाक स्वतः गरगर फिरते. आमिषाचा वेग मंदावला आणि चाक फिरतच राहिले, तर दोऱ्याचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात संध्याकाळ सरावी. म्हणून अंगठा चाकावर हलकेच टेकलेला असावा लागतो. लांब काठीचा शेंडा अधिक वेगाने फिरतो, फेक दूर जाते, हे खरे. पण अंगठा अजून शिकायचा असताना तिच्याने नेम साधणे कठीण. शिवाय शाळेत आम्ही तरफेचा नियम शिकवतो, तो येथेही चुकत नाही. मासा शेंड्याला ओढतो, भार मनगटावर येतो. काठी जितकी लांब, तितका तो भार अधिक.

लांबी ठरवताना जागाही पाहावी लागते. आमच्याकडचा चोणक, ज्याला महाराष्ट्रात जिताडा म्हणतात, आणि तांबोसा हे दोघेही खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला राहणारे. तांबोसा तर गळाला लागताच मुळांकडे धाव घेतो. वर फांद्या, खाली मुळे, आणि मधल्या हातभर फटीत आमिष टाकायचे. अशा जागी ७ फुटांहून लांब काठी फांद्यांत अडकते. होडीत बसून गरवायचे तर ६ फूट पुरतात. उघड्या बांधावर ७ फुटांची काठी शोभते. समुद्रकिनाऱ्यावर लाटांपलीकडे फेकण्याच्या काठ्या याहून पुष्कळ लांब. त्यांचे शास्त्रच निराळे.

सर्व विचार करून म्हापशाहून ६.५ फुटांची, म्हणजे सुमारे १९८ सेंटीमीटरची, मध्यम ताकदीची काठी आणली. घेताना मुठीचा मागचा भाग मुलाच्या हाताला लावून पाहिला. तो कोपराच्या फार मागे गेला, तर प्रत्येक फेकीत अंगाला अडतो. काठीवर आमिषाचे वजन छापलेले असते, तेही वाचून घेतले. या रिळावर फार हलके आमिष नवशिक्याला फेकवत नाही. १० ते १५ ग्रॅमचे बरे.

घरी आल्यावर त्याने नवी काठी पडवीत वडिलांच्या बांबूशेजारी धरून पाहिली. ती जेमतेम अर्ध्याच्या वर आली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून अंगणात गळाऐवजी शिशाचे वजन बांधून सराव सुरू झाला. वजन संथपणे खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच चाक थांबावे, इतपत रिळाची कळ प्रथम आवळून दिली. पंधरा पावलांवर टोपली ठेवली. पहिल्या संध्याकाळी फेकीपेक्षा गुंतेच अधिक झाले. आठव्या संध्याकाळी दहांपैकी सहा फेकी टोपलीत पडल्या. दोरा गुंडाळता गुंडाळता त्याने विचारले, "काका, रविवारी भरती किती वाजता आहे?" त्याची आई दारात उभी होती. ती लगबगीने आत गेली.

ज्या घरी पहिली काठी घ्यायची असेल, त्यांनी ६ ते ७ फुटांच्या दरम्यान, गरवण्याची जागा आणि मुलाचा हात पाहून निवड करावी. कुंभारजुव्याच्या कालव्यासारख्या ठिकाणी मगरी आहेत. तेव्हा मुलाला एकटे पाठवू नये. ज्याच्याबरोबर त्याने जायचे तो माणूस राहिला नसेल, तर घरातील दुसऱ्या कोणी तरी रविवारची सकाळ मोकळी ठेवावी.